मुंबईचे दोन यहुदी समाज

परदेशांतून येऊन एखाद्या भूमींत स्थायिक झालेल्या समाजांविषयीं बोलतांना सामान्यतः धर्माचा उल्लेख आधीं होतो. अमुक लोक व्यापारांत पुढें आले, कारण त्यांचा धर्मच तसा. तमुक लोक सुखवस्तु झाले, कारण त्यांच्यांत एकी फार, असा निकाल आपण चटकन् देऊन टाकतों. हा निकाल कितपत खरा आहे हें तपासून पाहण्यास मुंबई शहराइतकें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल. या शहरांत एकाच धर्माचे दोन समाज शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या शेजारीं राहिले. दोघांचें धर्मशास्त्र एक, प्रार्थनेची हिब्रू भाषा एक, विश्रांतीचा शनिवार एक. असें असूनहि एकाच्या नांवानें गोदी, ग्रंथालय आणि रुग्णालय उभें राहिलें, तर दुसऱ्याचीं मुलें कारकुनी, शिक्षकी आणि रुग्णशुश्रूषेच्या नोकऱ्यांत आयुष्य काढून पेन्शनीवर घरीं बसलीं. पहिला समाज बगदादी यहुद्यांचा. दुसरा कोंकणांतील बेने-इस्राएलांचा.

बेने-इस्राएल लोक या किनाऱ्यास केव्हां लागले, याचा कागदोपत्रीं पुरावा नाहीं. परंपरा अशी आहे कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत आजच्या रायगड, म्हणजे पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत अलिबागजवळच्या नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढींच काय तीं माणसें वांचलीं. समुद्रानें बाहेर टाकलेलीं प्रेतें त्यांनीं नवगांवास पुरलीं, आणि ती जागा या समाजाला आजहि पवित्र वाटते. गलबताबरोबर त्यांचे ग्रंथ बुडाले. मग राहिलें काय? मुलाची आठव्या दिवशीं सुंता करणें, शनिवारीं काम न करणें, भक्ष्याभक्ष्याचे कांहीं नियम, थोडे सण आणि ‘शेमा’ या हिब्रू प्रार्थनेचे शब्द. एवढ्या शिदोरीवर या लोकांनीं कित्येक शतकें काढलीं.

पोटासाठीं त्यांनीं तेलाचा घाणा पत्करला. शनिवारीं तो घाणा बंद असे, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांना ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. त्यांची सारी सामाजिक स्थिति या दोन शब्दांत सांठविलेली आहे. गांवगाड्यांत त्यांना एक जागा मिळाली. ती फारशी उंच नव्हती, पण ठरलेली होती, आणि त्या जागीं राहून आपला शनिवार पाळण्यास त्यांना कोणीं आडकाठी केली नाहीं. ज्या गांवीं राहिले त्या गांवाचें नांव त्यांनीं आडनांव म्हणून घेतलें. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. स्त्रिया लुगडें नेसत, बांगड्या भरीत, गळ्यांत मंगळसूत्र बांधीत. धर्मानें विधवाविवाहास हरकत नसतांहि शेजाऱ्यांची रीत पाहून त्यांनीं तो जवळजवळ टाकून दिला. सणांचीं हिब्रू नांवें मागें पडलीं आणि ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’ अशीं नांवें रूढ झालीं. मांस आणि दूध एकत्र शिजवावयाचें नाहीं हा यहुदी धर्माचा कडक नियम. पण कोंकणांत त्याला उपाय दारच्या माडावरच टांगलेला होता. नारळाच्या रसांत कालवण शिजूं लागलें आणि नियमाचा भंग न होतां जेवण रुचकर झालें. नवस फेडतांना एलियाहू नबीच्या नांवें ते मलिदा करतात. त्यांत पोहे, गूळ, खोबरें आणि फळें असतात. दुसऱ्या कोणत्याहि देशाच्या यहुद्यांना हा विधि ठाऊक नाहीं, आणि कोंकणांतल्या कोणत्याहि माणसाला तो परका वाटणार नाहीं.

अठराव्या शतकांत इंग्रजांनीं मुंबई वाढवावयास घेतली तेव्हां कुलाब्याकडचीं हीं कुटुंबें तिकडे सरकूं लागलीं. घाण्याची मिळकत थोडी. उलट नव्या शहराला सुतार, गवंडी आणि शिपाई हवे होते. बेने-इस्राएल हे तिन्ही झाले. परंतु त्यांची स्थिति पालटली ती मुख्यतः शिपाईगिरीनें. कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेंत त्यांची संख्या लहान असली, तरी हिंदी अंमलदारांच्या हुद्द्यांवर ते संख्येच्या मानानें पुष्कळ चढले. त्यांपैकीं सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, ज्यांना मराठींत सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, यांची कथा या समाजांत घरोघर सांगितली जाते. म्हैसूरच्या लढाईंत ते टिपूच्या कैदेंत सांपडले. जिवंत सुटलों तर मुंबईंत देवाचें घर बांधीन असा त्यांनीं नवस केला, आणि १७९६ मध्यें मांडवीच्या वस्तींत ‘शाआर हा-रहामिम’, म्हणजे दयेचें द्वार, हें प्रार्थनामंदिर उभें केलें. बेने-इस्राएल आपल्या प्रार्थनामंदिरास मराठींत मशीदच म्हणत. मशीद बंदर हें नांव याच वास्तूवरून पडलें असें सांगतात.

फौजेच्या नोकरीनें दोन गोष्टी दिल्या. पहिली पेन्शन. गांवांत राहून घाणा चालविणाऱ्याच्या म्हातारपणाला आधार मुलांचा. पेन्शनदाराच्या म्हातारपणाला आधार सरकारी खजिन्याचा, आणि म्हणून मुलाला लवकर कामाला न जुंपतां शाळेंत ठेवण्याची सवड त्याला मिळाली. दुसरी गोष्ट अक्षरओळख. पुढें फौजेची रचना बदलली व तेथील वाट अरुंद झाली, तेव्हां शिकलेलीं मुलें रेल्वेंत, पोस्टांत, सरकारी कचेऱ्यांत व रुग्णालयांत शिरलीं. नोकरीबरोबर हा समाज पुणें, ठाणें, अहमदाबाद, बेळगांव, कराची असा पसरला.

त्यांच्या धर्मजागृतीची हकीकतहि विलक्षण आहे. स्वतःच्या धर्माचें विस्मृत ज्ञान त्यांना अंशतः कोचीनच्या यहुद्यांनीं शिकविलें, आणि अंशतः ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं! अमेरिकन मिशनच्या व डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळांत बेने-इस्राएल मुलें, आणि विशेष म्हणजे मुलीहि, मराठींतून हिब्रू शिकल्या. मिशनऱ्यांचा हेतु उघड होता. पण तो सफल झाला नाहीं. मुलें हिब्रू शिकलीं आणि पहिल्यापेक्षां पक्कीं यहुदी झालीं. १८४६ मध्यें मुंबईंत वल्हांडणाच्या सणाची ‘हग्गादा’ हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी छापून निघाली. मिसर देशांतून सुटका झाल्याची ती प्राचीन कथा कोंकणांतल्या आजीला आपल्या भाषेंत नातवंडांना समजावून सांगतां येऊं लागली. १८८० च्या सुमारास तर या समाजांत कीर्तनसंस्थाहि सुरू झाली: आख्यान बायबलांतलें, चाल आणि मांडणी हरिदासी.

आतां दुसऱ्या समाजाकडे वळूं. त्याच्या आगमनाविषयीं दंतकथेची गरज नाहीं, कारण ते वखारींच्या आणि जहाजांच्या हिशोबांत नोंदलेले आहे. बगदाद, बसरा, अलेप्पो या शहरांतले कांहीं यहुदी व्यापारी अठराव्या शतकांतच सुरतेस आले होते. सुरत उतरली आणि मुंबई चढली, तसे ते मुंबईस आले. या समाजाला आकार दिला तो डेव्हिड सासून यांनीं. त्यांचा जन्म १७९२ चा. घराणें बगदादच्या पाशाचा खजिना सांभाळणारें. पाशाच्या जुलुमामुळें त्यांना बगदाद सोडावें लागलें, आणि बुशायरच्या वाटेनें ते १८३२ च्या सुमारास मुंबईंत उतरले. निर्वासित खरे, पण नवगांवच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांसारखे नव्हेत. गलबत फुटून आलेल्याजवळ फक्त दोन हात असतात. सासून यांच्यामागें बगदादपासून बुशायरपर्यंतच्या ओळखी होत्या, पत होती आणि हुंडी-व्यवहाराचें पिढीजाद ज्ञान होतें. दोन समाजांच्या आर्थिक अंतराचें पहिलें कारण येथें आहे, धर्मांत नाहीं.

डेव्हिड सासून यांना आठ मुलगे होते, आणि व्यापारांत मुलांसारखें भांडवल नाहीं. १८४२ च्या तहानें चीनचीं बंदरें उघडलीं, आणि दोनच वर्षांनीं त्यांचा मुलगा एलियास तिकडे रवाना झाला. पुढें हाँगकाँग, शांघाय आणि लंडन या ठिकाणीं एकेक मुलगा किंवा विश्वासू माणूस बसला. पत्रव्यवहार अरबी भाषेंत पण हिब्रू लिपींत चाले. तो प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडला तरी उपयोगाचा नसे. तार येण्यापूर्वींच्या काळांत कापसाचा चीनमधला भाव आपल्या माणसाकडून आधीं कळणें ही केवढी दौलत होती! १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, मँचेस्टरला अमेरिकन कापूस मिळेना, आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या मोलानें विकला गेला. त्या तेजींत गुंतलेले पुष्कळ लोक युद्ध संपतांच बुडाले. सासून घराणें तगलें.

तथापि या संपत्तीचा मोठा भाग कापसाचा नव्हता, अफूचा होता, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून चीनला जाई, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या व्यापारांत सासूनांचा हात सर्वांत वरचा झाला. तो व्यापार त्या वेळीं कायदेशीर होता व त्यांत पारशी, मारवाडी, इंग्रज असे सारेच होते, हें खरें. परंतु मुंबईच्या वैभवशाली इमारतींपुढें उभें राहून दात्याचें नांव वाचणाऱ्यानें तो पैसा शांघायच्या कोणत्या अंधाऱ्या खोल्यांतून आला, हेंहि मनांत आणावें. १९१३ मध्यें ही निर्यात थांबली. तोंवर या घराण्यानें गिरण्यांकडे लक्ष वळविलें होतें.

सासून पेढी ही नुसती पेढी नव्हती. बगदादहून येणारा गरीब मुलगा बंदरांत उतरला कीं त्याला पेढीच्या शाळेंत घालीत. तेथें तो इंग्रजी, हिशोब आणि हिब्रू शिके. मग पेढीच्या वखारींत, गिरणींत किंवा चीनमधल्या शाखेंत त्याला काम मिळे. आजारी पडला तर पेढीचा वैद्य, प्रार्थनेला पेढीनें बांधलेलें सिनेगॉग, आणि मेला तर पेढीच्या देणगीची दफनभूमि. भायखळ्याचें ‘मागेन डेव्हिड’ १८६१ चें, कोटांतलें ‘केनेसेथ एलियाहू’ १८८४ चें, पुण्याचें ‘ओहेल डेव्हिड’ १८६७ मध्यें पुरें झालें. हें शेवटचें पुणेंकरांना ‘लाल देऊळ’ म्हणून माहीत आहे, आणि डेव्हिड सासून यांची समाधि तेथेंच आहे. याखेरीज शहराला दिलेल्या देणग्या निराळ्या: मुंबईचें डेव्हिड सासून ग्रंथालय, पुण्याचें ससून रुग्णालय, आणि त्यांचा मुलगा अब्दुल्ला यानें कुलाब्यास बांधलेली गोदी, जी १८७५ मध्यें सुरू झाली.

या व्यवस्थेंत एक गोम होती. सारा समाज एका खांबावर उभा होता. बगदादी म्हणजे लक्षाधीश, अशी लोकांची समजूत. पण त्या समाजांत लक्षाधीश घराणीं मोजकीं होतीं. त्यांच्या खालीं पेढीचे कारकून आणि गिरण्यांतले देखरेख करणारे. त्यांच्या खालीं फेरीवाले, दलाल, आणि धर्मादायावर दिवस काढणारीं कुटुंबें. मधला थर पातळ होता, आणि तोहि धन्याच्या मर्जीवर. बेने-इस्राएलांत लक्षाधीश मुळींच नव्हते. पण त्यांचा पगार रेल्वेकडून येई, पोस्टाकडून येई, सरकारकडून येई. एक पेढी बसली तरी त्यांचें घर बसत नसे. सरासरी काढणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाहीं.

दोन समाजांचें परस्परांशीं वर्तन कसें होतें? आरंभीं बगदादी थोडे होते, तेव्हां प्रार्थना आणि दफन दोन्ही एकत्र होत. पण हें फार दिवस टिकलें नाहीं. १८३६ मध्येंच बगदादी मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, समाईक दफनभूमींत दोन समाजांच्या मध्यें भिंत घालण्याची परवानगी मिळावी. जिवंत माणसांच्या वस्त्यांत भिंती असतात हें या देशाला नवें नव्हतें. येथें ती मेलेल्यांच्या मध्यें मागितली गेली.

कारण सांगितलें जाई तें शास्त्राचें. बेने-इस्राएलांना शतकानुशतकें धर्मग्रंथ नव्हते. तेव्हां यहुदी शास्त्राप्रमाणें घटस्फोटाचा लेख आणि दिराशीं विवाहाचा नियम त्यांनीं पाळला नसणार. तेव्हां त्यांच्या संततीच्या शुद्धतेविषयीं शंका येते, असा हा युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून तो अगदींच पोकळ नव्हता. पण शास्त्रामागें दुसरें कांहीं होतें हें लपत नाहीं. बगदादी पहिल्या पिढींत अरबी झगा घालीत आणि अरबी बोलत. डेव्हिड सासून यांनीं १८५३ मध्यें ब्रिटिश प्रजाजन होतांना सही केली ती हिब्रू अक्षरांत. दुसऱ्या पिढींत अब्दुल्लाचे आल्बर्ट झाले, १८७२ मध्यें ‘सर’ झाले आणि पुढें लंडनला जाऊन राहिले. घरांत इंग्रजी आली, पोषाख युरोपियन झाला. आपली गणना ‘नेटिव्ह’ लोकांत न होतां युरोपियनांत व्हावी, ही या समाजाची तळमळ होती. कलकत्त्याच्या बगदाद्यांनीं तर तशी उघड मागणीहि केली, आणि सरकारनें ती मानली नाहीं. अशा वेळीं मराठी बोलणारा, लुगड्यांतल्या आईचा मुलगा, सांवळा, ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा धर्मबंधु शेजारीं असणें त्यांना अडचणीचें वाटलें. तो आपला म्हटला कीं आपणहि ‘नेटिव्ह’! इंग्रजांनीं घातलेली उंच-नीच पायरी त्यांनीं अशी घरांत आणली.

यहुद्यांची सामुदायिक प्रार्थना होण्यास दहा प्रौढ पुरुषांची गणपूर्ति लागते. तिला ‘मिन्यान’ म्हणतात. कांहीं बगदादी सिनेगॉगांत बेने-इस्राएल हजर असला तरी त्याला या दहांत मोजीत नसत, आणि तोरा वाचण्यास बोलावीत नसत. बेटीव्यवहाराचें तर नांवच नको. रंगूनच्या सिनेगॉगांत बेने-इस्राएलांच्या मताधिकाराचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३५ मध्यें निकाल बेने-इस्राएलांच्या बाजूनें लागला.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, बेने-इस्राएलांच्या अंगांतहि हा दोष होता. त्यांच्यांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. यहुदी आईबापांच्या संततीला गोरे आणि मिश्र विवाहाच्या संततीला काळे म्हणत, व गोरे काळ्यांशीं बेटीव्यवहार करीत नसत. जो अन्याय त्यांना बगदाद्यांकडून सोसावा लागला, त्याचेंच लहान रूप त्यांच्या स्वतःच्या ओटीवर नांदत होतें.

परंतु भिंतींनाहि दारें असतात, आणि या भिंतीचें दार शाळा हें होतें. डेव्हिड सासून यांच्या नांवाच्या मुंबईंतील शाळेचे मुख्याध्यापक कोण होते? जोसेफ इझिकिएल राजपूरकर, एक बेने-इस्राएल. १८५६ मध्यें ते तेथें शिक्षक झाले, आणि १८६१ पासून सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं ती शाळा चालविली. ज्या बगदादी घरांत त्यांच्याशीं सोयरीक झाली नसती, त्या घरांतल्या मुलांना हिब्रू आणि इंग्रजी त्यांनीं शिकविलें. उरलेल्या वेळांत हिब्रू प्रार्थनापुस्तकें मराठींत आणण्याचें प्रचंड काम त्यांनीं केलें, आणि मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकहि होते. या गृहस्थांचें चरित्र मराठी शाळांतून आजवर शिकविलें गेलें नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

बेने-इस्राएलांची स्वतःची शाळा १८७५ मध्यें निघाली. तिचे प्रवर्तक हाईम सॅम्युएल किहीमकर. यांनींच आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. १९०८ मध्यें ते वारले, आणि तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३७ मध्यें, तेल अवीव येथें. शाळेला मदत लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची, आणि पुढें तिला नांव मिळालें तें सर एली कदूरी यांचें. कदूरी हे मूळचे बगदादी, सासून पेढींत उमेदवारी करून हाँगकाँग-शांघायकडे श्रीमंत झालेले. बगदादी पैशाचा बेने-इस्राएलांना झालेला सर्वांत मोठा उपयोग हाच म्हणावा लागेल.

या शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन १९०५ मध्यें मॅट्रिकच्या परीक्षेंत विद्यापीठांत पहिल्या आल्या होत्या, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनीं ही शाळा सांभाळली. डॉ. जेरुशा झिराड यांनीं मुंबईच्या कामा रुग्णालयाचें प्रमुखपद भूषविलें. स्त्रीशिक्षणांत हा लहानसा समाज मोठमोठ्यांच्या पुढें होता. आणि नोकरी करणारी मुलगी म्हणजे घरांत दुसरा पगार, हें येथें लक्षांत घ्यावें. डॉ. ई. मोझेस, ज्यांचें नांव मुंबईच्या एका प्रसिद्ध रस्त्याला आहे, ते १९३७ मध्यें शहराचे महापौर झाले. तेहि राजपूरकर घराण्यांतले बेने-इस्राएलच. घाण्यापासून महापौरपदापर्यंतची ही वाट लांबली खरी, पण ती एका माणसाच्या मर्जीवर झालेली नव्हती.

१९४१ च्या जनगणनेंत सबंध हिंदुस्थानांत यहुदी सुमारें साडेबावीस हजार होते. त्यांत बेने-इस्राएलांचाच भरणा मोठा. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही समाजांचीं पाळेंमुळें किती खोल आहेत याची परीक्षा झाली. सासूनांच्या गिरण्या १९४३ मध्यें विकल्या गेल्या, आणि त्यांवर पोट भरणारा बगदादी मध्यमवर्ग उघड्यावर आला. खांब गेला कीं मांडव बसतो. १९४७ मध्यें इंग्रजी राज्य गेलें; त्याबरोबर ज्या पायरीवर चढण्यासाठीं एवढा खटाटोप केला ती पायरीच नाहींशी झाली. घरांत इंग्रजी, नातेवाईक लंडनमध्यें, व्यापारावर नवे निर्बंध. बगदादी कुटुंबें लंडनला, ऑस्ट्रेलियाला निघून गेलीं. त्यांना येथून हांकलून कोणीं दिलें नाहीं. पण ज्या शहराची भाषा त्यांनीं कधीं घरांत आणली नाहीं, त्या शहरांत राहण्याचें कारणहि त्यांना उरलें नाहीं.

बेने-इस्राएलांचें जाणें निराळ्या प्रकारचें होतें. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें, आणि ज्या भूमीचें नांव हजारों वर्षें प्रार्थनेंत घेतलें तिकडे ते निघाले. ओढ धर्माची होती, तशीच रोजगाराचीहि. कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठीं स्पर्धा वाढली होती. तिकडे बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद अशा नव्या आणि रखरखीत गांवीं त्यांची वस्ती झाली. कारकुनी केलेले हात गिरण्यांत आणि कारखान्यांत लागले. पहिल्याच वर्षांत रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार उठली, कांहींनीं धरणें धरलें, आणि १९५२ मध्यें कांहीं कुटुंबें मायदेशीं परत आलीं. कोणता देश मायदेश, असा प्रश्न त्यांच्यापुढें होता. निदान त्या वर्षीं त्यांनीं त्याचें उत्तर मुंबई असें दिलें.

याहून कठीण प्रसंग १९६२ मध्यें आला. इस्राएलच्या मुख्य धर्मपीठानें आज्ञा काढली कीं, बेने-इस्राएलाचा विवाह अन्य यहुद्याशीं लावण्यापूर्वीं त्याच्या पूर्वजांची शक्य तितकी चौकशी करावी. कारण तेंच, घटस्फोटाचे आणि दिराशीं विवाहाचे नियम पाळले नसल्याचें. १८३६ मध्यें मुंबईच्या दफनभूमींत जी भिंत मागितली गेली होती, ती सव्वाशें वर्षांनीं यरुशलेमांत उभी राहिली. त्या वेळचे मुख्य धर्मगुरु यित्झाक निस्सिम हे जन्मानें बगदादचे होते, हें येथें नमूद केलें पाहिजे. मात्र तेवढ्यावरून त्यांच्या हेतूविषयीं निष्कर्ष काढणें योग्य होणार नाहीं. बेने-इस्राएलांनीं यरुशलेमांत सत्याग्रह मांडला. ‘सत्याग्रह’ हाच शब्द येथें बरोबर आहे, कारण तो मार्ग ते येथूनच शिकून गेले होते. १९६४ च्या ऑगस्टांत इस्राएलच्या लोकसभेनें ठराव केला कीं, बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. धर्मपीठानेंहि आज्ञेंतून त्यांचें नांव काढलें.

आज इस्राएलांत त्यांची संख्या साठ हजारांच्या वर सांगितली जाते. त्यांनीं तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. मलिदा तेथेंहि होतो. नारळ मात्र विकत आणावा लागतो. भारतांत उरलेले बेने-इस्राएल चार-पांच हजार, बहुतेक मुंबई, ठाणें आणि रायगडकडचे. २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

बगदादी मात्र मुंबईंत आतां अगदीं थोडे राहिले आहेत. कोटांतलें ‘केनेसेथ एलियाहू’ २०१९ मध्यें दुरुस्त होऊन पुन्हां उघडलें, आणि भायखळ्याचें ‘मागेन डेव्हिड’हि उभें आहे. सासूनांनीं बांधलेल्या या मंदिरांत शनिवारीं दहा पुरुषांची गणपूर्ति लागते ती आतां बहुधा बेने-इस्राएलांनींच भरून निघते. भायखळ्याच्या आवारांतली सासूनांची शाळाहि चालू आहे. तींत शिकणारीं मुलें आज बहुतेक आसपासच्या मुसलमान वस्तींतलीं आहेत.